सलाईन चालू आहे म्हणजे कुत्रा जेवतोय असं नाही

मे महिन्यात आमच्या शेरूने आंब्याची कोय गिळली, ती आतड्यात अडकली, ऑपरेशन झालं आणि त्यानंतरही उलट्या थांबेचनात. कोपरीला घरी बसून आम्ही एकमेकांना धीर देत होतो की सलाईन चालूय ना, मग पोटात काहीतरी जातंय. काही जात नव्हतं, आणि हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं.

हिशोब सोपाय. वजन गुणिले ३० अधिक ७०, म्हणजे १० किलोच्या शेरूला नुसतं पडून राहायलाच दिवसाला ३७० कॅलरी हव्यात. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या सलाईनच्या, अख्ख्या लिटरमध्ये जेमतेम १७०, साध्या सलाईनमध्ये शून्य, आणि प्रोटीन कशातच नाही, मग शरीर स्वतःचेच स्नायू जाळत बसतं.

म्हणून उपाशी दिवस मोजा, घरी खाल्लं नाही तेही धरून. ३ दिवस झाले की जेवणाचं काय ते डॉक्टरांना स्वतःहून विचारा, लाजू नका. पोटात टिकत असेल तर नाकातून किंवा मानेतून नळी घालून पातळ अन्न देणं कधीही चांगलं, स्वस्त पडतं आणि आतडंही कामाला लागतं. तेही उलटून पडत असेल तरच शिरेतून जेवण, म्हणजे ग्लुकोज, अमिनो ॲसिड आणि दुधासारखं पांढरं दिसणारं लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ.

हे घरी करायचं काम अजिबात नाही. सकाळी ड्रिपला न्यायचं आणि संध्याकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून परत आणायचं असंही जमत नाही, ॲडमिटच करा, आणि रात्री कोण थांबतं ते आधी विचारा कारण पहिल्या दिवशी दर ४ ते ६ तासांनी शुगर बघावी लागते, पोटॅशियम आणि फॉस्फरसही तपासावं लागतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या जिवाला एकदम पूर्ण दिलं की हे दोन्ही धाडकन खाली येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी साधारण निम्मंच देतात. घाई करायला लावू नका, आम्ही लावत होतो.

सगळ्यात जपायची ती लाईन, म्हणजे शिरेत घातलेली नळी. दाट मिश्रण असेल तर मानेच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाईन लागते, पायाच्या बारीक शिरेला ते झेपत नाही, शीर सुजते. त्या लाईनमधून दुसरं काहीच नाही, इंजेक्शन नाही, रक्त काढणं नाही, कारण इतक्या पौष्टिक द्रवात जंतू झपाट्याने वाढतात आणि थेट रक्तात उतरतात. पिशवी २४ तासांनी बदललीच पाहिजे. भेटायला गेलात की बँडेज ओलं आहे का, जागा लाल किंवा सुजलेली आहे का बघा, ताप विचारा, आणि चावू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन माया येऊन काढू नका, एका चाव्यात लाईन तुटते.

उलट्या थांबल्या की घरचं उकडलेलं चिकन न्या, कांदा-लसूण मीठ-मसाला काही नको, डॉक्टरांना विचारून थोडं नाकाजवळ धरा. तो खायला लागला तरी पिशवी लगेच बंद करू नका म्हणावं, शुगर घसरते, हळूहळू कमी करतात. शेरूने सहाव्या दिवशी दोन तुकडे खाल्ले, पिशवी आठव्या दिवशी निघाली.