ब्रुस्केत्ता: ब्रेड कुरकुरीत राहायला हवा

भाजलेल्या ब्रेडवर टोमॅटोच्या फोडी घालून खायचा हा इटालियन पदार्थ. मेन्यूकार्डावरचं स्पेलिंग पाहून बरेच जण त्याला ‘ब्रुशेटा’ म्हणतात. इटलीत उच्चार ‘ब्रुस्केत्ता’. हा शब्द रोमकडच्या बोलीतल्या ‘ब्रुस्कारे’वरून आला, अर्थ, निखाऱ्यावर भाजणं. टोमॅटो नंतरचा. इटलीतल्या तस्कनी प्रांतात अजूनही नवं ऑलिव्ह तेल आलं की भाजलेल्या ब्रेडवर लसूण घासतात, वर तेल आणि मीठ घालतात आणि तेवढंच खातात. त्याला ‘फेत्तुन्ता’ म्हणतात. त्यामुळे सगळं लक्ष ब्रेडकडे द्यायचं.

चौघांसाठी: ब्रेडचे ८ काप, ५०० ग्रॅम पिकलेले पण घट्ट टोमॅटो, लसणाच्या २ मोठ्या पाकळ्या, बेसिलची १०-१२ पानं, ४ मोठे चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, अर्धा छोटा चमचा मीठ.

सँडविचचा ब्रेड इथे चालत नाही. तो मऊ आणि गोडसर असतो, रस लागला की लगदा होतो. जाड कवचाचा सावरडो (आंबवलेल्या पिठाचा ब्रेड) किंवा तसाच गावरान धाटणीचा ब्रेड घ्या, एक दिवस शिळा असेल तर उत्तमच. काप दीड सेंटिमीटर जाडीचे हवेत.

सुरुवात टोमॅटोपासून करा. बिया आणि त्याभोवतीचा गर काढून टाका, उरलेल्याच्या सेंटिमीटरभर फोडी करा. मीठ लावून चाळणीत १५ मिनिटं ठेवा. खाली बरंच पाणी साचतं. हेच पाणी एरवी ब्रेडमध्ये मुरतं आणि सगळ्याचा विचका होतो. ते फेकू नका, साराच्या पातेल्यात जाऊ द्या. फक्त साराला मीठ बेतानं घाला. टोमॅटो फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरू नका, गार टोमॅटोला चव लागत नाही.

निथळलेल्या फोडींत दोन चमचे तेल आणि हातानं तोडलेलं बेसिल घाला. सुरीनं चिरून ठेवलं तर कडा काळ्या पडतात. बेसिल मिळालं नाही तर घरची तुळस घालू नका, तिचा लवंगेसारखा तिखट वास सगळ्यावर चढतो. कुंडीत सब्जा असेल तर त्याची कोवळी पानं घ्या. तो बेसिलचाच भाऊबंद.

आता ब्रेड. बिडाचा तवा मध्यम आचेवर चांगला तापवून काप कोरडेच टाका, प्रत्येक बाजू २-३ मिनिटं. आधी तेल लावलं तर ते धुरकटतं आणि ब्रेड कडवट होतो. ओव्हन असेल तर २२० अंशांवर ६ ते ८ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कडा करकरीत आणि मधला भाग दाबल्यावर किंचित नरम, इथे थांबा. पूर्ण वाळवला तर टोस्ट होतो आणि चावताना टाळू सोलते.

काप गरम असतानाच सोललेली लसूण पाकळी एका बाजूवर घासा. भाजलेला पृष्ठभाग किसणीचं काम करतो, पाकळी हातात झिजत जाते. दोन-तीन फेऱ्या पुरतात. जास्त घासली तर लसणापुढे बाकी काही लागत नाही. कच्चा लसूण बारीक चिरून टोमॅटोत घालण्यापेक्षा हे कितीतरी सौम्य.

उरलेलं तेल कापांवर सोडा, वर टोमॅटोच्या फोडी ठेवा. बाल्सामिक व्हिनेगरचे काळे फराटे मूळ पदार्थात नाहीत, टोमॅटो बरा असेल तर गरजही नाही. चीज तर नकोच.

पाहुणे यायचे असतील तर फोडी निथळत ठेवा, पण ब्रेड मात्र ते टेबलाशी बसल्यावरच भाजायला घ्या. टोमॅटो ठेवल्यावर पाचेक मिनिटांत खाल्ला नाही, तर तळ ओला व्हायला लागतो.