‘केस खरे आहेत का?’ अनोळखी माणसांना उत्तर देताना या चुका टाळा

घाटकोपरला लेडीज डबा भरला की कुणाचा हात कुठे आहे ते कळत नाही. त्या दिवशी मात्र कळलं, कारण कुणीतरी माझ्या मानेवरची एक कुरळी बट ओढून सोडली. वळून बघितलं तर पन्नाशीच्या एक बाई, डब्याची पिशवी पोटाशी धरून उभ्या. म्हणाल्या, “अहो ताई, हे विंचरता तरी का?”

मी म्हटलं, “तुम्हाला काय करायचंय?” आवाज चढलाच होता. आजूबाजूच्या दोघी-तिघी बघायला लागल्या. बाई गप्प झाल्या. विद्याविहार गेलं. मग हळूच म्हणाल्या, “नातीचे अस्सेच आहेत हो. शाळेत जाताना रोज रडते, सुनेला फणी लावू देत नाही. कसं करायचं ते कळेना, म्हणून विचारलं.”

कुर्ल्याला लोंढ्याबरोबर त्या उतरून गेल्या. मला जे सांगता आलं असतं ते तोंडातच राहिलं. सहा वर्षं झाली, अजून ती पिशवी डोळ्यांसमोर येते.

मुंबईत कुरळ्या केसांबद्दल कुणीही विचारतं. लिफ्टमध्ये, बसच्या रांगेत, भाजी घेताना, बँकेत टोकन हातात असताना. खरे आहेत का? पार्लरमध्ये करून घेतलेत का? ‘आप साउथ से हो क्या?’ घरात अजून कुणाचे आहेत? स्ट्रेट का नाही करत? प्रश्न मोजून पाच-सहा, आणि उत्तर द्यायला वेळ दोन स्टेशनांमधला. एवढ्या वेळात आपण ज्या चुका करतो त्यातल्या बहुतेक एकाच जागेवरून येतात: समोरची बाई आत्ता काय विचारतेय ते सोडून आपण सातवीच्या वर्गात ऐकलेल्या ‘झिपरी’ला उत्तर देत असतो.

प्रश्न पुरता ऐकायच्या आत चिडणं

‘विंचरता का?’ हेच वाक्य एकजण टोमणा म्हणून म्हणते आणि दुसरी मदत मागायला. मदत मागताना नेमके शब्द सगळ्यांना सुचत नाहीत. त्या आजींना ‘कुरळ्या केसांची निगा कशी राखता?’ असं विचारता आलं नाही, म्हणून त्यांनी येईल तसं विचारलं.

तेव्हापासून मी उत्तराआधी एकच प्रश्न उलट विचारते: “का हो, घरी कुणाचे आहेत का असे?” जिला खरंच जाणून घ्यायचंय तिचा चेहरा खुलतो, ती लगेच मोबाइलमधला मुलीचा फोटो काढून दाखवते. जिला नुसतंच टोकायचं होतं तिला पुढे काही बोलता येत नाही, विषय तिथेच मिटतो. दोन्हीकडे आपला आवाज चढत नाही, आणि गर्दीत ते फार मोलाचं आहे.

कौतुक झालं की स्वतःचेच केस खाली पाडणं

“छान आहेत हो केस.” “छान कसले, नुसता वैताग. पावसाळ्यात तर बघूच नका.”

हे आपण इतक्या सवयीने बोलतो की बोललो हेही लक्षात येत नाही. समोरच्या बाईने मनापासून काहीतरी दिलेलं असतं, ते आपण परत तिच्या हातात कोंबतो. “थँक्यू, मलाही आवडतात” एवढं पुरतं. पहिले काही दिवस हे वाक्य घशात अडकतं. अडकू दे, पण म्हणा.

हीच चूक मुलांच्या देखत झाली की ती फार महाग पडते. अनोळखी काकू मुलीला विचारतात, “बाळा, केस कुणावर गेले गं?” आणि आई उत्तर देते, “हिच्या बाबांवर. रोज अर्धा तास जातो माझा, कटकट नुसती.” मुलगी खाली बघते. मी हे दादरला, रानडे रोडवरच्या एका दुकानात डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रश्न मुलीला होता. तिला बोलू द्या. ती लाजली तर “तिच्या बाबांसारखे आहेत, छान वळतात” असं म्हणा. केस विंचरताना किती त्रास होतो ते नवऱ्याला सांगा, बहिणीला सांगा, पण मुलगी ऐकत असताना दुकानातल्या बाईला नको.

बाटलीचं नाव सांगून मोकळं होणं

‘काय लावता?’ हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. आपण क्रीमचं नाव सांगतो, ती फोनमध्ये लिहून घेते, सहा-सातशे रुपये घालते, आणि आठवड्यात केस एकतर तेलकट चिकट होतात नाहीतर पिंजलेल्या कापसासारखे. मग तिला वाटतं, आपलेच केस वाईट.

मी आता नाव शेवटी सांगते, कधी सांगतही नाही. आधी पद्धत सांगते, कारण ती फुकट आहे. कोरड्या केसांत फणी घालायची नाही. डोकं धुताना, कंडिशनर लावून केस ओले-निसरडे असतानाच गुंता काढायचा, मोठ्या दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी, टोकापासून सुरुवात करून वर मुळाकडे. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टने किंवा पंचाने दाबून पाणी टिपायचं. मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. एवढं ऐकायला कांजूरमार्ग ते विक्रोळी पुरतं.

वेळ असेल तर कारणही सांगा, कारण कारण कळलं की माणूस पद्धत सोडत नाही. टाळूवर सुटणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. वळणावळणाच्या केसावर ते टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून कुरळे केस टोकाला कोरडे असतात. कोरड्यावर फणी फिरवली की एकत्र वळलेल्या बटा सुट्या होतात, एकेक केस वेगळा उभा राहतो आणि तुटतोही. नातीच्या रडण्याचं कारण बहुतेक तेच होतं. शाळेच्या घाईत, कोरड्या केसांत, बारीक दातांची फणी.

पुढच्या आठवड्यात तीच बाई भेटून “तुम्ही सांगितलं तसं केलं, पण काही झालं नाही” म्हणाली तर कानकोंडं होऊ नका. तीन-चार गोष्टी विचारा. पाणी कुठलं आहे? मुंबईत महापालिकेच्या नळाला तानसा, भातसा, वैतरणा अशा तलाव-धरणांचं पाणी येतं, ते बऱ्यापैकी मऊ असतं. सोसायटीत बोअरवेल असेल किंवा टँकर येत असेल तर क्षार जास्त असू शकतात, आणि अशा पाण्याने केस राठ होतात. त्यावर क्रीम बदलून उपयोग नाही. शेवटचा तांब्या तरी नळाच्या पाण्याचा घ्यायला सांगा. तेल कधी लावते? खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्याआधी लावलं तर धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी होते. ते धुतल्यावर थापलं तर बटा जड होऊन लोंबतात. क्रीममध्ये ग्लिसरीन आहे का? ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत मुंबईच्या हवेत पाणी भरपूर असतं, केस फुगतात. आणि तिचे केस कधी स्ट्रेट करून झालेत का? झाले असतील तर तेवढा भाग पद्धतीला दाद देणार नाही, नवीन वाढ येईपर्यंत थांबावं लागेल. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. धीर धरायला सांगा, तारीख देऊ नका.

पावसाळ्याचं एक वेगळं. “काल तर किती छान होते, आज काय झालं?” असं कुणी विचारलं की आपण ओशाळतो. ओशाळण्यासारखं काही नसतं. केसातल्या केराटिनमध्ये गंधकाचे बंध पक्के असतात आणि हायड्रोजनचे कच्चे. हे कच्चे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. दमट हवेत हे दिवसभर चालूच राहतं. “हवा दमट आहे” एवढंच उत्तर पूर्ण आणि खरं आहे.

घराण्याचा इतिहास उलगडत बसणं

‘आईबाबांचे सरळ, मग तुझे कसे?’ हा प्रश्न वरून साधा वाटतो, पण तो पुष्कळ घरांत बोचतो. दत्तक मुलं असतात, विचारणाऱ्याच्या आवाजात भलताच संशय असतो. आपण गडबडून आजीची, पणजीची नावं घेत सुटतो. अनोळखी माणसाला एवढं देणं लागत नाही.

खरं उत्तर छोटंसं आहे. केसाचं वळण त्वचेखाली केस जिथे उगवतो त्या पिशवीच्या आकारावर ठरतं. ती वाकडी असली की केस वळत बाहेर येतो, त्याचा आडवा छेद गोल न होता लंबगोल होतो. हे एका जनुकावर नसतं, अनेकांवर असतं, म्हणून सरळ केसांच्या आईबाबांना कुरळ्या केसांचं मूल होऊ शकतं. वयात येताना किंवा बाळंतपणानंतरही वळण बदलतं. आणि “जावळ नीट काढलं नाही का?” असं विचारणाऱ्या काकूंना प्रेमाने सांगा की वस्तरा त्वचेच्या वर चालतो, मूळ खाली असतं. जावळ हा विधी म्हणून जरूर करा, केस सरळ होण्यासाठी नको.

‘तुम्ही मराठी वाटत नाही’ हाही यातलाच प्रश्न. “मी वेंगुर्ल्याची” म्हणावं आणि थांबावं. ‘नाही हो, मी साउथची नाही’ असं घाईघाईने म्हणू नका. साउथचं असण्यात नाकारण्यासारखं काय आहे?

हात लागल्यावर हसणं

हसलात की परवानगी दिली असं धरलं जातं. “हात नका लावू” हे सरळ, शांतपणे म्हणा. कारण देऊ नका. “गुंता होतो” म्हटलं की लगेच “हळूच लावते” येतं. हात मागे गेला की मग प्रश्नाचं उत्तर जरूर द्या. बहुतेक बायकांना आपण काही वावगं केलं हे खरंच जाणवलेलं नसतं. कडेवरच्या बाळाने बट पकडली तर ते तुमचं तुम्ही ठरवा, मी धरू देते.

पुरुषाचं वेगळं. केसांवरून बोलत बोलत जिना, पूल, फलाट असा मागे येणाऱ्याला उत्तरच द्यायचं नाही, सभ्यपणानेही नाही. चार बायका उभ्या असतील तिथे जाऊन थांबा. रेल्वे पोलिसांचा नंबर १५१२ आहे.

इंग्रजी रील्समधली तोडून टाकणारी उत्तरं इथे जशीच्या तशी वापरू नका. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या केसांवरून नोकऱ्या आणि शाळा नाकारल्या गेल्या; २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याविरुद्ध कायदा केला. त्या उत्तरांमागे तो सगळा इतिहास उभा आहे. आपलं दुखणं वेगळं आहे: तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, ‘केस बांध, भूत दिसतेस’, मुलगी बघायला येणार म्हणून आदल्या दिवशी फिरवलेली गरम इस्त्री. आपलं उत्तर आपल्या बोलीतूनच यायला हवं.

‘स्ट्रेट का करत नाहीस?’ वर व्याख्यान देणं

विचारणारीने स्वतः केलेले असतात, कितीतरी वेळा. तिच्या तोंडावर त्याचे तोटे वाचू नका. “मला असेच आवडतात” म्हणा. तिने विचारलंच तर सांगा की मुळातून येणारा केस पुन्हा वळलेलाच येतो, आणि काही स्मूदनिंगच्या रसायनांतून गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटते, म्हणून लेबल वाचून घ्यावं.

आणि उत्तर तयार ठेवून बसणं

गेल्या वर्षी परळच्या पुलावर एक बाई भेटल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जाड फाइल. परळला ती फाइल ओळखू येते, टाटा कॅन्सर हॉस्पिटलची. डोक्यावर बोटभर केस, बारीक कुरळे. म्हणाल्या, “तुमचे जन्मापासून असेच?”

मी पद्धत सांगायला तोंड उघडलं होतं. मग त्यांच्या केसांकडे बघितलं आणि विचारलं, “तुमचे?”

“माझे कमरेपर्यंत होते, सरळ. सगळे गेले. आता हे असे आलेत. आरशात बघितलं की दुसऱ्याच कुणाचे वाटतात.” मग म्हणाल्या, “राहतील का हो असेच?”

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. किमोनंतर पुष्कळांचे केस कुरळे येतात. काहींचे काही महिन्यांनी पूर्वीसारखे होतात, काहींचे राहतात. डॉक्टरांना विचारा. त्या मान हलवत ऐकत होत्या. गर्दी आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती.

“हात लावून बघू?” त्यांनी विचारलं. मी डोकं खाली केलं. त्यांनी एक बट दोन बोटांत धरली, जरा ओढली, सोडली. परत वळली ती बघून हसल्या. “आता तुम्ही बघा,” म्हणून त्यांनी डोकं माझ्यापुढे केलं.

मी हात ठेवला. जावळासारखे मऊ होते.