जिओग्रिड टाकूनही घाटातला रस्ता खचतोय? या चुका टाळा

आंबोलीसारख्या घाटात वर्षाला सात हजार मिमीच्या घरात पाऊस पडतो, तिथे रस्त्याच्या थरात नुसती जिओग्रिड, म्हणजे प्लास्टिकची मजबूत जाळी, अंथरून काही होत नाही. ग्रिडचं काम एवढंच की खडी तिच्या चौकोनांत अडकून बसते आणि चाकाखाली आडवी सरकत नाही, पाण्याचा निचरा ती करत नाही. डोंगराकडचं गटार दगडमातीने बुजलेलं असेल तर पाणी जीएसबीत (डांबराखालच्या खडी-मुरुमाच्या थरात) मुरणार आणि डांबर उखडणारच. म्हणून आधी गटारं, मोऱ्या, मग ग्रिडची ऑर्डर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भेग न बघताच इलाज ठरवणं. चाकाच्या पट्ट्यात चर पडलेत, जाळीदार भेगा आल्यात, तर बहुतेक वेळा खालचे थर किंवा माती कमजोर असते, तिथे बायएक्सियल (उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी ताकद असलेली) ग्रिड कामाला येते. पण भेग दरीच्या कडेने लांबच लांब, चंद्रकोरीसारखी वळलेली असेल आणि बाहेरची कड खाली बसली असेल, तर अख्खा भरावच सरकतोय हो! डांबराखाली ग्रिड टाकून तो थांबत नाही, तिथे गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली भिंत) नाहीतर रिटेनिंग वॉलच बघावी लागते.

अर्धं कटिंग अर्धा भराव असेल तिथे डोंगरात पायऱ्या कापून ग्रिड कटिंगच्या बाजूला नीट आत न्या, सांध्यावरच संपवली की भेग बरोब्बर तिथेच येते. आणि युनिएक्सियल, म्हणजे एकाच दिशेने ताकद असलेल्या, ग्रिडची ताकद रोलच्या लांबीत असते, म्हणजे इथे ती रस्त्याला आडवी टाकायला हवी, पण रोल रस्त्याच्या लांबीने उलगडणं सोपं पडतं म्हणून साईटवर तसंच उरकतात, आणि कागदावर सगळं बरोबर दिसतं.

चिकट ओल्या मातीवर थेट ग्रिड टाकली तर चिखल खडीत वर येतो, खाली नॉनवोव्हन जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं न विणलेलं कापड) हवं. ग्रिडच्या दोन तुकड्यांचा ओव्हरलॅप साधारण 300 मिमी, माती मऊ असेल तर जास्त, आणि खडी ज्या दिशेने पसरणार त्या बाजूचा, म्हणजे पुढचा, तुकडा खाली ठेवा, नाहीतर खडी ढकलणाऱ्या मशीनच्या ब्लेडने कड उचलली जाते. वर निदान 150 मिमी खडी पडेपर्यंत डंपर, पोकलेन काही चढवू नका.

हेअरपिन वळणावर रोल ओढून वळवू नका, सुरकुत्या पडतात. तुकडे कापून पंख्यासारखे एकावर एक लावा, आणि ऑर्डर देताना हा जादाचा माल धरा, नाहीतर नेमकं वळणावरच ग्रिड कमी पडते.