साडीच्या काउंटरवरून साइट ऑफिसात

मी पुण्यात लक्ष्मी रोडला साड्या विकायचे, आता पुनावळे-ताथवडेकडे बांधकाम चालू असलेल्या इमारतींतले फ्लॅट विकते. "ताई, अनुभव नाही, चालेल का?" असं विचारणाऱ्यांना मी सांगते, बोलायला तू शिकशील, आधी कागद वाचायला शीक.

सुरुवात बिल्डरच्या साइट ऑफिसातून कर, टेलिकॉलर म्हणून किंवा रिसेप्शनला. शनिवार-रविवार सुट्टी विसर, पाडवा-दसऱ्याला तर बुकिंगचीच गर्दी. पितृपक्षात मात्र शुकशुकाट असतो. तेव्हा सॅम्पल फ्लॅट सोडून खऱ्या स्लॅबवर जा आणि साइट इंजिनिअरला प्रश्न विचार. चहा पाजलास तर तो भरभरून सांगतो.

स्वतंत्र एजंट व्हायचं तर महारेराची, म्हणजे बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच. त्याआधी 20 तासांचं प्रशिक्षण आणि आयबीपीएस या संस्थेची परीक्षा. व्यक्तीसाठी नोंदणी शुल्क 10,000 रुपये, मुदत 5 वर्षं.

आता कागद. महारेराच्या वेबसाइटवर प्रोजेक्टचं पान उघड. पझेशनची तारीख, मंजूर नकाशे, सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) कितव्या मजल्यापर्यंत आहे आणि जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, हे बघ. ब्रोशरमधला स्विमिंग पूल मंजूर नकाशात आहे का, तेही. क्षेत्रफळ कार्पेटच, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारं, सांगायचं. बाल्कनी त्यात धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात.

मग हिशेब, तोही ग्राहकासमोर, हातानं. 60 लाखांचा फ्लॅट घे. जीएसटी 5 टक्के, म्हणजे 3 लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, 4 लाख 20 हजार. नोंदणी 30 हजार. झाले साडेसदुसष्ट लाख, पार्किंग आणि सोसायटीचा खर्च वेगळाच. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्क 1 टक्का कमी. नवऱ्याचं नाव जोडलं की ती सवलत गेली. हे ऐकून जोडपी एकमेकांकडे बघतात, तेव्हा आपण गप्प बसायचं.

करार नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. नमुना करारानुसार करारानंतर एकूण 30, प्लिंथपर्यंत (इमारतीचं जोतं) 45 आणि सगळे स्लॅब होईपर्यंत 70 टक्के, एवढी मर्यादा. म्हणजे या फ्लॅटचे 42 लाख भिंतींआधीच जातात. घरभाडं आणि बँकेचा हप्ता एकदम झेपेल का, हे ग्राहकाला आपणच विचारावं. न झेपणारं बुकिंग पुढे रद्द होतं आणि ब्रोकरेजही बुडतं.

ब्रोकरेज तसंही उशिरानं येतं. बहुतेक ठिकाणी करार नोंदवून बिल्डरकडे ठरलेली रक्कम जमा झाल्यावरच बिल काढता येतं. किती टक्के आणि कधी, हे पहिला ग्राहक नेण्याआधी लेखी घे. हाताशी काही महिन्यांचा घरखर्च नसेल, तर पगाराची नोकरी सोडू नकोस.