माती की गादी: नवी मुंबईतून पैलवानकीला लागणाऱ्यांसाठी

कोपरखैरण्याच्या आमच्या तालमीत मुलाला घेऊन आलेले वडील सर्वांत आधी खुराकाचा खर्च विचारतात, आणि मी त्यांना उलट मुलाची जन्मतारीख विचारतो. दूध, तूप, बदाम यांची सोय उशिरा का होईना होते. वयोगट मात्र एकदा हुकला की हुकलाच. स्पर्धेच्या कुस्तीत १५, १७, २० आणि २३ वर्षांखालील गट आणि त्यावर वरिष्ठ गट अशी शिडी आहे. तिच्या खालच्या पायऱ्या गाळून जो थेट वर जातो, त्याची गाठ वर्षानुवर्षे निवडचाचण्या खेळून तयार झालेल्या मल्लांशी पडते. हे मला कळले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

माझे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार होते. सातारा जिल्ह्यातून आलेल्या अनेक माथाडी कुटुंबांसारखी आमच्याकडेही कुस्ती गावाहूनच आली होती. मसाला बाजारातले ओळखीचे व्यापारी तुकडा बदाम स्वस्तात देत, ते रात्री भिजत घालून पहाटे आई पाट्यावर वाटून देई. साडेचारला तालमीत पोहोचल्यावर पहिले काम फावड्याने कुस्तीचा मातीचा हौद उकरण्याचे असे, मग जोर, बैठका, सपाट्या आणि त्यानंतर लढती. हळद, ताक, तेल आणि लिंबू मुरवलेल्या त्या लाल मातीचा वास अजूनही माझ्या नाकात आहे. तिच्यावर माझा राग नाही, हे पुढचे वाचताना ध्यानात ठेवावे.

चैत्र लागला की घणसोली, दिवाळे, बेलापूर या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांच्या जत्रा आणि आमच्या गावाकडच्या यात्रा यांचा हंगाम सुरू होतो. लहानपणी रेवड्यांवर आणि नारळावर कुस्त्या खेळलो, सोळाव्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांच्या खेळलो, आणि विशीत हंगामातल्या इनामावर मी वर्षभराचा खुराक भागवू लागलो. मैदानात वजनकाटा नसतो. पंच नजरेने जोड लावतात, हलगी कडाडते, आणि समोरच्याला चीत करीपर्यंत किंवा कुस्ती बरोबरीत सुटेपर्यंत खडाखडी चालू राहते. घाई करणारा तिथे फसतो. मी घाई करत नसे, म्हणून माझे नाव झाले, आणि त्या नावाच्या नादात चार-पाच वर्षे मी गादीकडे, म्हणजे स्पर्धेतल्या मॅटवरच्या कुस्तीकडे, फिरकलो नाही.

पुढे ठाण्यातल्या एका निवडचाचणीत गादीवर उतरलो. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. मी सवयीप्रमाणे समोरच्याचा अंदाज घेत राहिलो. पंचांनी निष्क्रियतेची ताकीद दिली, मग तीस सेकंदांचे घड्याळ लावले, त्यात मला गुण मिळवता आला नाही आणि प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळाला. त्यानंतर दोनदा माझा पाय नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर गेला आणि त्याचे आणखी दोन गुण झाले. एकदाही पाठ न टेकता मी हरलो. माझा प्रतिस्पर्धी मातीत माझ्यासमोर पाच मिनिटेही टिकला नसता, असे मी पुढे वर्षभर सांगत फिरलो, आणि त्या वर्षात मी शिकलो मात्र काहीच नाही.

ही अडचण नवी नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांनाही अनोळखी होते, आणि तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असून दोन्हींच्या विजेत्यांत अंतिम लढत होते, म्हणजे किताबाची इच्छा असलेल्या माती विभागाच्या मल्लालाही शेवटी गादीची तयारी असलेल्या मल्लाशी लढावे लागते. शहरात वाढून हे साधत नाही, असे कोणी म्हटले तर त्याला नरसिंग यादव यांची आठवण करून द्यावी. जोगेश्वरीत वाढलेल्या या मल्लाने २०११ ते २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी जिंकला. आमच्याकडे येणाऱ्या मुली थेट गादीवरच शिकतात, त्यांना मातीची सवय मोडावी लागत नाही, आणि त्यामुळे पट काढण्यात, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडण्यात, त्या मुलांपेक्षा लवकर तयार होतात, हे माझे स्वतःचे निरीक्षण आहे.

आता नोकरीविषयी. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे, पोलीस आणि सैन्यदलातही क्रीडा भरती होते. पण या सगळ्या ठिकाणी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतील कामगिरी लागते, आणि राज्याच्या आरक्षणासाठी त्या प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. मी एका भरतीला गेलो तेव्हा माझ्याकडे ढाली, गदा आणि फेट्यातले फोटो होते. खिडकीमागच्या कारकुनाने सभ्यपणे विचारले, की यात राज्य स्पर्धेचा कागद कोणता. जत्रेचे मैदान इनाम देते, तिथे असा कागद मिळत नाही.

वजनाबाबत थोडेच सांगतो. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत लढतीच्या दिवशीच सकाळी वजन होते आणि दुसऱ्या दिवशी लढणाऱ्यांचे पुन्हा होते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट दुसऱ्या सकाळी ५० किलोच्या गटात केवळ १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम लढतीला मुकली. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवून खालच्या गटात बसवणारा वस्ताद भेटला, तर तालीम बदलावी. डब्यावर नीट नाव नसलेली पावडर कोणी दिली तर ती घेऊ नये, कारण उत्तेजक चाचणीत दोष मल्लाच्याच माथी येतो. कान फुटतात, म्हणजे घासून सुजतात आणि त्यांचा आकार बिघडतो, त्याचे फार मनावर घेऊ नये, गुडघ्याचे घ्यावे. माझ्या गुडघ्यावरची सूज मी तीन महिने लेपावर काढली आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेलो तेव्हा स्नायुबंध फाटलेला निघाला.

आपल्या शहरात पैलवानाला सर्वांत लवकर मिळणारे काम बाउन्सरचे असते, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याच्या मागेपुढे उभे राहण्याचे. पैसे रोख मिळतात, म्हणून मीही वाशीत दीड वर्ष ते केले. पहाटे तीनला घरी येणारा माणूस साडेचारला हौद उकरू शकत नाही, आणि माझी उरलेली कुस्ती त्या दीड वर्षात संपली. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम केला, आणि आता सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवतो व दिवसा एका व्यायामशाळेत काम करतो.

तालमीतल्या प्रत्येक मुलाची एक फाइल माझ्या कपाटात आहे. तिच्यात जन्मदाखला, आधार कार्डाची प्रत आणि खेळलेल्या प्रत्येक अधिकृत स्पर्धेचे प्रमाणपत्र असते, आणि प्रमाणपत्रावरचे नाव दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळते की नाही, हे मी बक्षीस समारंभाच्या जागीच तपासतो. जत्रेला मुले अजूनही जातात आणि मीच त्यांना घेऊन जातो, मात्र निवडचाचणी पंधरा दिवसांवर आली असेल तर त्या वर्षीची जत्रा आम्ही सोडतो.