मिलिटरी ट्रेलरचे टायर बदलण्याआधी

आमच्या खटाव तालुक्यात मार्च उजाडला की डाळिंबाला पाणी वाहून आणावं लागतं. त्यासाठी लष्कराच्या लिलावातून निघालेला एक टनी ट्रेलर आम्ही एका व्यापाऱ्याकडून घेतला. सांगाडा दणकट, हिरवा रंग जागच्या जागी आणि टायरची नक्षी तर नव्यासारखी. शेजारचे निवृत्त सुभेदार मामा बघायला आले. नक्षीकडे त्यांनी पाहिलंच नाही. उकिडवे बसले, टायरच्या बाजूवरची माती ओल्या बोटानं पुसली आणि लंबगोलातले चार आकडे वाचले: ३४०९. म्हणजे २००९ सालचा चौतिसावा आठवडा. "ह्याच्यावर पाणी भरून घाट उतरणार तुम्ही?" एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हा पहिलं काम हेच. दोन्ही चाकं आणि स्टेपनी, तिन्हींवरचे आकडे वाचून कागदावर घ्या. शेवटचे दोन आकडे सालाचे, आधीचे दोन आठवड्याचे. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. असे ट्रेलर वर्षानुवर्षं एका जागी उभे असतात, त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण उन्हानं रबर वाळतं आणि कडक होतं. बाजूची भेग अंगठ्यानं फाकवून बघा. आत धागा दिसला तर त्या टायरवर रिकामा ट्रेलरसुद्धा रस्त्यावर काढू नका.

मग माप. आमच्या टायरवर ९.००-१६ होतं. हे माप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही चालतं, त्यामुळे मिळायला अडचण आली नाही. दुकानात जाताना माप, प्लाय (टायरच्या थरांचा आकडा) आणि किती वजन वाहायचं ते लिहून न्या. नायलॉनचा जुना टायर असेल तर दोन्ही बाजूंना नायलॉनच घ्या. एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल अशी जोडी एका अॅक्सलवर कधीच नको. ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि लोखंडी चाकामधली रबरी पट्टी) नवेच घ्या. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फाटते. वजनाचा हिशेबही आताच करा. हजार लिटर पाणी म्हणजेच एक टन, टाकीचं वजन वेगळं. आम्ही साडेसातशे लिटरची टाकी ठेवली.

आता डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते लोखंडी चाक. ह्या एका गोष्टीसाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

लष्करी गाड्यांच्या बऱ्याच डिस्क दोन अर्ध्या भागांच्या असतात. चाकासमोर बसून नट मोजा. आतल्या वर्तुळातले मोठे नट चाकाला हबवर धरतात. बाहेरच्या वर्तुळात दुसरे नट दिसले, तर ते डिस्कचे दोन भाग एकमेकांना धरून आहेत. टायरमध्ये हवा असताना बाहेरच्या नटाला पाना लावायचा नाही. सोळा इंची डिस्क आणि पन्नास पौंड हवा धरली, तर ते दोन भाग फाकवणारा जोर साडेचार टनांच्या घरात जातो. शेवटचे नट सैल होताच अर्धी डिस्क समोरच्या माणसाच्या छातीवर येते. हे नट लाल रंगवण्याची पद्धत आहे, पण आमच्या ट्रेलरवर कुणीतरी वरून हिरवा हात मारला होता. रंगाच्या भरवशावर राहू नका. ट्रकसारखी लॉक रिंग (टायरला डिस्कवर अडवून धरणारं लोखंडी कडं) असलेली डिस्क असेल, तरी धोका तोच.

आम्ही स्टेपनी घेऊन एका पंक्चरच्या दुकानात गेलो होतो. पोरगं चलाख होतं, हवा असतानाच त्यानं बाहेरच्या नटावर पाना चढवला. मामांनी त्याचं मनगट धरलं. वॉल्वची पिन काढायला लावली, हवा गेली, आवाज थांबला, तरी सोडलं नाही. वॉल्वच्या नळीत बारीक तार घालून आरपार फिरवून बघितली. नळीत घाण अडकली तर आवाज थांबतो आणि हवा आतच राहते. पिन बाहेर, तार आरपार, टायर हाताला पूर्ण मऊ, मगच पाना. तुमचा पंक्चरवाला हे ऐकणार नसेल तर दुसरीकडे जा.

कामाच्या दोन दिवस आधी सगळ्या नटांवर डिझेल सोडा. ट्रेलर ट्रॅक्टरला जोडलेलाच ठेवा, नाहीतर जॅक लावताना तोंड उचलतं. जमीन कडक हवी, दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून उटी हवी. जॅकखाली जाड फळी, अॅक्सलखाली घोडी, म्हणजे वजन पेलणारा लोखंडी स्टँड. एका वेळी एकच चाक. डाव्या बाजूच्या बोल्टच्या टोकावर 'एल' कोरलेलं आहे का ते बघा. जुन्या लष्करी गाड्यांना डाव्या चाकाचे आटे उलटे असायचे. आम्ही नेहमीसारखा जोर लावून एक बोल्ट तोडला आणि मग ते अक्षर दिसलं.

चाक निघालंच आहे तर हबचं बेअरिंग उघडा, जुनं ग्रीस धुऊन नवं भरा. डिस्क वायर ब्रशनं घासून रेड ऑक्साईड मारा. गंजून पापुद्रे निघत असतील किंवा चीर दिसली तर ती डिस्क भंगारात. वेल्डिंग करून घेऊ नका. नव्या टायरच्या आतून शंखजिऱ्याची पावडर फिरवा, ट्यूब सरकून नीट बसते.

हवा भरताना आधी थोडीच. डिस्कचे सगळे नट आवळलेले आहेत, रिंग सगळीकडून खाचेत बसली आहे, हे बघून मगच पुढची. हवा भरताना चाक ज्यात ठेवतात तो लोखंडी पिंजरा असलेलं दुकान शोधा आणि लांब नळीनं, बाजूला उभं राहून भरा. हवा असताना रिंगेवर हातोडा मारायचा नाही. किती पौंड ते टायरवर लिहिलेलं असतं. सकाळी टायर थंड असताना मोजा.

चाकाचे नट समोरासमोरचे धरून आवळा. पहिली खेप रिकामीच काढा, पन्नासेक किलोमीटर झाले की पाना परत फिरवा. आमचे दोन नट तेव्हा अर्धा आटा फिरले.

जुने टायर जाळू नका. आमचे मुरघासाच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलेत. पावसाआधी त्यांना ड्रिलनं भोकं पाडून घ्या, नाहीतर आत पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.