जू-लिंग थांग घरी कसा उकळावा: चार औषधं सोपी, पाचवा सरस

जू-लिंग थांग हा लघवीच्या तक्रारींवरचा जुना चिनी काढा. पूर्व हान राजवटीतला वैद्य जांग जोंगजिंग याच्या 'शांगहान लुन' या ग्रंथात तो आहे, म्हणजे वय साधारण १,८०० वर्षं. लघवी अडखळत, थोडीथोडी, जळजळत होते, सोबत तहान, आणि रात्री जीव कासावीस होऊन झोप नाही, अशा माणसाला चिनी वैद्य तो लिहून देतात. चीनमध्ये ग्वांगझोउला राहायला आल्यापासून मी घरच्यांसाठी तो किती वेळा उकळला याची मोजदाद नाही. 'सगळं भांड्यात टाका आणि अर्धा तास उकळा' असं सांगणारा माणूस भेटला की मला एवढंच कळतं, की यानं हा काढा एकदाही केलेला नाही.

ताप, पाठीत कळ किंवा लघवीत रक्त असेल तर काढा बाजूला ठेवा आणि आधी लघवीची तपासणी करून घ्या. जंतुसंसर्गावर प्रतिजैविकच लागतं. गरोदर बाईनं, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यानं हा काढा आपल्या मनानं घेऊ नये. खरं तर कोणीच घेऊ नये. चिठ्ठी वैद्याची, उकळणं आपलं. खूप घाम येऊन तहान लागली असेल तर हा काढा देऊ नका, असं मूळ ग्रंथातच बजावलंय. घामानं आधीच आटलेल्या माणसाचं उरलंसुरलं पाणी लघवीवाटे कशाला काढायचं!

औषधं पाच, सगळी समभाग. आजच्या चिठ्ठीत प्रत्येकी ९ ते १० ग्रॅम. जू-लिंग ही जमिनीखाली वाढणारी बुरशी, बाहेरून काळी, आतून पांढरट. 'जू' म्हणजे डुक्कर. तिचे काळे गड्डे डुकराच्या विष्ठेसारखे दिसतात म्हणून हे नाव. चवीचा त्याच्याशी संबंध नाही. फू-लिंग ही पाइनच्या मुळांवरची बुरशी, त्स-श्ये हा पाणवनस्पतीचा कंद, ह्वा-श म्हणजे आपलं शंखजिरं, आणि पाचवं अ-च्याओ.

मांडणी सोपी आहे. मातीचं किंवा काचेचं भांडं घ्या. लोखंड, ॲल्युमिनियम नको. शंखजिरं सुती फडक्यात सैल बांधा, नाहीतर काढा चिखल होतो. बुरश्या आणि कंद अर्धा तास भिजवा, दोन बोटं वर पाणी ठेवा, उकळी आली की आच मंद करून २५ मिनिटं. गाळा. पुन्हा पाणी घालून एकदा तसंच करा. दोन्ही काढे एकत्र करा. यात बिघडण्यासारखं काही नाही.

बिघडतं ते अ-च्याओपाशी. शानदोंग प्रांतातल्या तोंग-अ गावाच्या नावानं ओळखली जाणारी ही काळपट तपकिरी, चकचकीत वडी म्हणजे गाढवाचं कातडं उकळून, आटवून केलेला सरस. हो, सुताराचा असतो तसाच सरस, फक्त पोटात जाणारा. शाकाहारी मंडळींनी हे वाचून इथेच थांबलं तरी चालेल. अ-च्याओ काढून टाकून 'शाकाहारी जू-लिंग थांग' करता येतो असं सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. बाकीची चार औषधं पाणी बाहेर काढतात; चिनी वैद्यांच्या हिशेबात शरीरातला ओलावा धरून ठेवणारं हे एकच. ते वगळलंत तर तो वेगळा काढा झाला, आणि तो चालेल की नाही हे वैद्यानंच सांगायचं.

पहिल्यांदा मी वडीचे तुकडे सरळ भांड्यात टाकले. सरस तळाला बसला, करपला, उरलेला बुरशीच्या कापांना चिकटून चोथ्याबरोबर फेकला गेला. पाचांतलं सगळ्यात महाग औषध कचऱ्यात! पुढच्या खेपेला गाळलेल्या, पण कोमट झालेल्या काढ्यात टाकले. गोटे तसेच राहिले. मग मायक्रोवेव्ह, तिथे फसफसून वाटीबाहेर. चिठ्ठीवर अ-च्याओपुढे बारीक अक्षरात 'यांग-ह्वा', म्हणजे वेगळं वितळवा, असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

उपाय आठवला तो गावाकडच्या सुतारावरून. तो सरसाचा डबा कधी थेट चुलीवर ठेवत नसे. मोठ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ठेवी. तेच करायचं. वडी फडक्यात गुंडाळून बत्त्यानं बारीक फोडा. जितके बारीक तुकडे, तितका कमी त्रास. वाटीत ते तुकडे आणि बुडतील इतकंच पाणी घाला. काढा उकळत असताना वाटी तशीच भिजू द्या. मग वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा, आच मंद, आणि ढवळत राहा. पाच मिनिटांनी वाटेल, झालं. नाही झालं. चमचा तळाशी फिरवा, खाली गोळा लागतो. काकवीसारखी एकसंध धार पडेपर्यंत थांबा, आणि मगच गरम, गाळलेल्या काढ्यात ओता. वास येतो, तो येणारच. इथे अ-च्याओ भाताच्या दारूत वितळवायची पद्धत आहे, पण लघवी जळत असलेल्या माणसाला दारू कशाला?

मूळ ग्रंथात चार शंग (हे जुनं चिनी माप) पाणी आटवून दोन शंग करा आणि सात-सात दशांश शंग तीनदा द्या असं आहे. तीन सत्ते एकवीस, आणि दोन शंगांचे दशांश तर वीसच. वरचा एक दशांश बहुधा सरसाचा. आजच्या वैद्यांचा हिशेब साधा असतो: दोन भाग, सकाळ-संध्याकाळ, कोमट, जेवणाआधी.

एक धोक्याची सूचना. 'लघवीसाठी आणखी जोरदार' म्हणून कोणी मू-थोंग नावाचं औषध घालायला सांगेल. या नावाखाली बाजारात क्वान-मू-थोंग हे दुसऱ्याच वनस्पतीचं औषध विकलं जायचं. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लानं मूत्रपिंडं निकामी होतात, मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. चीननं २००३ मध्ये ते औषध बंद केलं. जू-लिंग थांगमध्ये मू-थोंग मुळातच नाही, आणि तुम्ही घालू नका.

संध्याकाळचा भाग फ्रिजमध्ये ठेवलात तर तो दाटतो, कधी थरथरत्या जेलीसारखाही होतो. खराब झालेला नसतो. वाटी परत गरम पाण्यात ठेवा. आणि चमचा, वाटी लगेच गरम पाण्यानं धुवा. सरस वाळला की चमचा वाटीला असा धरतो की दोन्ही रात्रभर भिजत घालावे लागतात.